हिरव्या दोऱ्याची डबी

सोनाळा,
रविवार, ता. ३ मार्च १९७४

प्रिय निवृत्ती,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आज तू समोर असता तर बिब्बे फोडायचा दगड तुह्या टाळक्यात घातला असता मी. मग रडत बसली असती, पण घातला असता. काय लिहिलं तुनं ते पत्रात? बायांनी नेम पाळले नसतील, चोरून राख लावली असेल, खोबरं खाल्लं असेल, म्हणून औषधाचं खरंखोटं नीट कळलं नाही! बारा बाया दोन महिने उघड्या हातानं बिब्बे फोडत होत्या, निवृत्ती. बाजूले राखेचं घमेलं ठेवलेलं. बिब्ब्याचं तेल कातडीले चावू नये म्हणून जन्मभर त्या राखेत हात बुडवल्याशिवाय आम्ही दगड उचलला नाही, आणि या दोन महिन्यांत एकीनंही तिले बोट लावलं नाही. काऊन? तर कोकिळेचा, म्हणजे माहा, भाऊ नागपुरात शिकलेला आहे, तो सांगून गेला, राख लावली तर गुण राखेचा का औषधाचा ते समजणार नाही. केसरबाईच्या हाताची सालं भाकरीच्या पिठात गळत, नवरा ताट भिरकावून मारे तिले, कपाळात खोक पडली तिच्या, तरी तिनं बिब्ब्यावर उतारा म्हणून खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला नाही. आणि तू पंख्याखाली बसून त्यायले खोट्या म्हणतो. लाज वाटू दे जराशी.

त्याच पत्रात खाली, जसा काही हवापाण्याचा मजकूर असावा तसं लिहिलं, साहेबाचा लिफाफा फोडला, हिरव्या दोऱ्याच्या डबीत खरं औषध निघालं आणि पिवळ्या दोऱ्याच्या डबीत नुसतं पीठ. पिवळा दोरा कोणाचा होता रे? तुह्याच हातानं बांधला होता माह्या डबीले. सख्ख्या बहिणीले पीठ! तू म्हणशील, चिठ्ठ्या टाकल्या होत्या, सहा डब्यांत औषध, सहांत पीठ, कोणाले काय हे मलेही माहीत नव्हतं, सगळं साहेबापाशी बंद होतं. हो, सांगतलं होतं तुनं तवाही. मी सगळ्यांदेखत मान हलवली होती. पण मनात म्हणलं, चारचौघांत असंच बोलावं लागते, भाऊ आहे, बहिणीले खरंच देईल. कोणती बहीण असं म्हणणार नाही? बायाही तेच म्हणत होत्या. जनका तर तोंडावर बोलली, "तुह्या डबीत मलई असंन बाई, आमच्यात ताक." मी हासली. मले ते खरं वाटलं होतं, म्हणून हासली.

तुहं पत्र मी कोणाले वाचू दिलं नाही. दर वेळी मास्तर वाचतात, उत्तरही तेच लिहितात, आणि शेवटी लहानथोरांस आशीर्वाद असं काहीबाही माह्या तोंडी घालतात जे मी जन्मात बोलली नाही. या वेळी मागच्या दाराशी बसून एकटीनं वाचलं. दोन दिवस लागले. तिसरीपर्यंतची अक्षरं माह्यापाशी, तीही अर्धी गंजलेली. उत्तर मीच लिहून राह्यली, चुका असतील तर असू दे. मास्तरच्या हातून लिहायजोगं हे नाही.

तुले ते आठवत नसेल, सहा वर्षांचा होता तू. बिब्ब्याच्या झाडाखाली खेळून आला आणि दिवस कलायच्या आत तोंडाचं गाडगं झालं तुह्या. डोळ्याच्या नुसत्या चिरा. छातीत मांजर बसल्यावाणी घरघर. बापानं विळा चुलीत घातला. तीच रीत होती, अजूनही मोडली नाही. लेकराची छाती भरली की पोटावर डागणी. माय तोंडात पदर कोंबून कोपऱ्यात. बापाच्या दोघा चुलतभावांनी तुहे हातपाय धरले, जसं बकरं धरतात. विळा लाल झाला, बाप उठला, आणि मी तो पात्याकडून धरला. सतरा वर्षांची होती मी. जळाल्याचा वास सुटला तो माह्या हाताचा. बापानं मले लाथ घातली, दात पडला, तरी मूठ सोडली नाही, विळा थंड होईपर्यंत सोडली नाही. मग तुले काखेत मारून बाहेर आणलं, चिंचेचा पाला वाटून अंगभर चोपडला. सकाळी तुनं एक डोळा उघडून मलेच विचारलं, बाई, तुह्या हाताले काय झालं? मोठा झाल्यावर तू लोकायले सांगे, मी सुजेच्या मागं लागणार, तिले जिवंत सोडणार नाही. लागला तू मागं. शिकला. मी बिब्बे फोडून काढलेल्या गोडंबीवर शिकला असं मी कधी बोलली नाही, आजही बोलत नाही, पण मायच्या माघारी तुह्या डोक्यावर हात ठेवणारी मीच होती, आणि तो हात डागलेला होता, हे पीठ मोजताना साहेबाले सांगायचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात तू आला, तुह्या भाऊजीले घेऊन वर सातपुड्यात गेला, सालईचा डिंक पोतंभर आणला. नागपुरात उंदरायच्या पायाले सूज आणता आणि डिंकातलं सत्त्व देऊन ती उतरवता, हे ऐकून भाऊजी म्हणले, "नागपूरचे उंदीर लय नशिबाचे राजेहो, पाय सुजला तं डाक्टर धावते. इथं बाई सुजली तं कोणी इचारत नाई." तू हासला नाही. तुनं ओसरीत बारा बाया बसवल्या आणि समजावलं. अंगात बारीक कामकरी असतात, तू त्यायले एन्झाइम म्हणतो. बिब्ब्याचं तेल लागलं की त्यातला एक भिडते कामाले, अंगातल्याच चरबीतून तिखट रस काढते, त्या रसानं रक्त धावते, पाणी भरते, आग होते. कोणाचं अंग पहिल्याच दिवशी चिडते, कोणाचं दहा वर्षं गप राहून एकदम उलटते. औषध त्या कामकऱ्याले मारत नाही, त्याचा हात अडवते. डोकं दुखल्यावर घेतो ती साधी गोळीही असंच करते, हे इंग्लंडातल्या लोकायले आता तीन वर्षांमागं कळलं म्हणे. आपल्या डिंकाचा कामकरी कोणता हे अजून हाती लागलं नाही, पण तो आहे, आणि दम्याच्या घरघरीतही तोच असेल असं तुले वाटते.

बायायच्या डोक्यात काही शिरेना. मग मीच सांगतलं त्यायले. आपल्या पाटदगडाले बिब्बा बसायचा खळगा असते ना? त्या खळग्यात बिब्ब्याएवढाच गुळगुळीत गोटा जाऊन बसला तर बिब्बा बसंन कुठं? वरून हाणा किती हाणायचे ते, तेल उडणार नाही. तो गोटा म्हणजे निवृत्तीचं औषध. तू ताडकन उभा राह्यला. म्हणला, बाई, आमच्या साहेबालेही इतकं सोपं सांगता येत नाही. त्या दिवशी मले वाटलं, माहे दोन्ही हात सडून गळले तरी चालतील.

मार्गशीर्षात डब्या आल्या. केसरबाईले तुनं मुकादम केलं. आम्ही बिब्बे फोडतो त्या शेठच्या टिनाच्या शेडात फळीवर बारा डब्या ओळीनं, अक्षर बाकी कोणाले येत नाही म्हणून दोऱ्याच्या रंगावरून ओळख, बारा बायायचे बारा रंग. सकाळ-संध्याकाळ एकेक पुडी केसरबाईदेखत, पाण्यासंगं. वास सगळ्यायले सारखाच, राळेचा. जनका माह्या शेजारच्या पाटदगडावर बारा वर्षं बसली. माह्या डाव्या हाताचा तळवा डागणीनं आखडलेला, बिब्बा चिमटीत धरायले जमत नाही, तर टोपल्यातून एकेक बिब्बा काढून माह्या खळग्यात ठेवायचं काम ती करे, आपलं काम सांभाळून. कोणी सांगतलं नव्हतं तिले. जीभ मात्र अशी की शेठही तिच्या बाजूनं जात नसे. तिचा नवरा महादेवराव आडदांड गडी, बैलाले शिंगानं धरून पाडणारा, पण तिच्यासमोर भिजलेली वात. तर तिसऱ्या हप्त्यात जनकाचे हात उजळले. भेगा भरल्या. बोटं बारीक झाली, चांदीची मुदी जी दोन वर्षं खुंटीले होती ती तिच्या बोटात शिरली. शेडभर हात नाचवत फिरली. "पाहा गं, नवरीचे हात! महादेव पुन्हा लगीन लावून घेते म्हणते." आणखी तिघीचौघींलेही फरक दिसला, पण जनकासारखा नाही.

माहे हात सांगू? कोपरापर्यंत सूज चढली. रात झाली की मी हात भिंतीवर घासत बसे. भाकर थापता येईना, तुहे भाऊजी थापून वाढत, गावात त्यायची टिंगल झाली. पदराची गाठ सुटेना. एका सकाळी दगड हातातून निसटला तर मी तोच दगड उचलून माह्याच पाटावर हाणत राह्यली, हाणत राह्यली, सगळ्या बाया उठून दूर झाल्या. केसरबाई म्हणली, हिच्या अंगात आलं. जनका एकटी जवळ आली, माहे हात आपल्या मांडीवर घेऊन त्यावर फुंकर घालत बसली. त्या उजळ हातायत माहे हात. मले तिचे हात तोडावेसे वाटले, निवृत्ती. तू म्हणशील असं कोणी लिहिते का. वाटलं ते लिहिलं.

संक्रांत झाली आणि जनकाचं उलटलं. आधी बोटाच्या पेरात पुरळ, मग मनगटं, मग गळा. मुदी तेल लावून लावून काढायची वेळ आली. ती म्हणे, औषध जुनं झालं असंन, नाहीतं माह्या जिभेचं पाप. मी तिले एकदा नाही, चारदा सांगतलं, जनका, राख लाव. खोबरं खा. कोण पाह्यते? ती मलेच रागावली. "तुह्या भावाले जबान देल्ली आपुन. तू त्याची बहीण, तूच असं बोलते?" ऐकलं? आणि तू लिहितो, बायांनी चोरून राख लावली असेल. शेवटी शेवटी तिची छाती वाजू लागली, पाटावर बसल्या बसल्या शिट्टी वाजल्यावाणी. महादेवराव म्हणे, घरी बस. ती म्हणे, फाल्गुनापर्यंत पुड्या आहेत, मधातच सोडलं तर निवृत्तीचं सगळं फुकट जाईल.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमारास, तिनं हिरवट बिब्ब्यावर दगड हाणला आणि तेलाची चिळकांडी सरळ डाव्या डोळ्यात गेली. अशा चिळकांड्या आम्हाले रोजच्या. पाणी मारतो, पदरानं पुसतो, बसतो. पण तिचं अंग चिडलेलं होतं. मी मोजून सांगते, एक टोपलं रिकामं व्हायच्या आत तोंड ओळखू येईना. ओठ बाहेर लोंबले, कान भरले, गळ्यातून हवा जाईना. ती जमिनीवर पडून पाय झाडत होती आणि हातानं माह्या लुगड्याचा काठ धरून ठेवला होता, सोडवता सोडवेना, काठ फाडून तिले गाडीवर घातलं. तालुक्याच्या दवाखान्यात सुया टोचल्या म्हणून जीव राह्यला. डोळा गेला. उजव्यालेही सूज आहे, त्यानं माणूस दिसते पण कोण ते समजत नाही. छाती अजून वाजते. हात उघडे पडले आहेत, सोललेल्या सशावाणी.

शिवरात्रीच्या दिवशी महादेवराव आमच्या घरी आला. हे मी मास्तरच्या पत्रात लिहू दिलं नव्हतं. संगं त्याचे दोघं भाऊ, आणि हातात जर्मनचा गंज, पातेल्याएवढा, त्यात शेडातून भरून आणलेलं बिब्ब्याचं तेल, काळंभोर. "कुठं हाय तुहा नागपूरवाला? नाई? तं त्याचा भाऊजी चालंन." तुहे भाऊजी फराळाचं रताळं सोलत बसले होते. दोघांनी हात पिरगाळून त्यायले अंगणात पालथं पाडलं, मग उताणं केलं. महादेवराव छातीवर बसला. मी मुसळ घेऊन धावली, त्याच्या पाठीत घातलं, पुरं घातलं, त्यानं मागं न पाह्यता मले असा झपका मारला की मी चुलीत जाऊन पडली, कोपर भाजलं. उठेपर्यंत त्यानं तेलात बोळा बुडवून तोंडाले फासायले सुरुवात केली होती. कपाळ, गाल, कान, नाकाच्या आत. घाईनं नाही बरं का. भिंत सारवतात तसं. "माह्या जनकाले असंच झालं. असंच. पाहा कसं लागते." गाव दाराशी उभं होतं. कोणी हाललं नाही. तुहे भाऊजी ओरडले नाही. डोळे गच्च मिटून घेतले म्हणून डोळे वाचले. फक्त एकदा, बोळा गंजात बुडवायले गेला तवा, त्यायनं डोळे किलकिले करून माह्याकडं पाह्यलं. मी उभी होती. मी काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तोंडाची कातडी फुटून पाणी वाहू लागलं. आता खपल्या धरल्या आहेत, जेवण पातळ करून लोटक्यानं ओतून घ्यावं लागते. मी पोलिसात जाते म्हणलं तर हातानं खूण करून नको म्हणले. सूज चढत होती तवा मी शेडात धावत गेली, माही डबी उचलून आणली, पुडी फोडून त्यायच्या तोंडात टाकली. त्यायनं ती माह्या तोंडावर थुंकली. दुसरी टाकली, तीही थुंकली. मग मले राग आला, माह्या रागाचं तुले माहीत आहे, त्या फुटक्या तोंडावर मी थापड मारली. पाण्याचे फोड फुटले माह्या हाताखाली. ते मागं सरकले. भिंतीकडं तोंड करून निजले. आज बारा दिवस झाले, माह्याशी एक शब्द नाही. पाणी हवं तर तांब्या वाजवतात.

आणि अशात तुहं पत्र. सहा जणी औषधावर, त्यात चौघी सुधारल्या, एक होती तशी राह्यली, एकीचा डोळा गेला. सहा जणी पिठावर, त्यात पाच जणींले काही नाही आणि एक ठणठणीत बरी झाली. साहेब म्हणतात, ज्या औषधावर बाई आंधळी होते आणि ज्या पिठावर बाई बरी होते, ते औषध कपाटात ठेवायच्या लायकीचं नाही. मार्चअखेर काम बंद, डिंकाचं सत्त्व मोरीत, तुले दुसऱ्या खात्यात टाकणार, जंतू मारायच्या फिनाइलच्या. तू लिहिलं, आपलं आयुष्य वाया गेलं बाई. लिहिलं, जनकाबाईचा गुन्हेगार मीच, मले जेवण जात नाही. ते वाचून मी पत्र चुरगाळलं, मग पुन्हा सरळ केलं. तुह्यावर एवढं भांडून घेतलं वर, पण भांडायचं ते तुह्याशी नव्हतंच. पुढचं लिहायले हात होत नव्हता, म्हणून आधी भांडली.

आता ऐक, आणि मधात उठू नको. संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी बाया वाण घ्यायले शेठच्या घरी गेल्या होत्या, शेड रिकामं होतं. मी जनकाच्या डबीचा हिरवा दोरा सोडला आणि माह्या डबीले बांधला. माहा पिवळा तिच्या डबीले बांधला. दातानं सोडल्या गाठी, बोटं वळत नव्हती. मी मनाले काय सांगतलं माहीत आहे? खरी डबी निवृत्तीनं माह्यासाठीच भरली होती, दोरा बांधताना त्याच्या हातून चूक झाली, ती मी सुधरवून राह्यली. चोरी करते असं क्षणभरही वाटलं नाही. तेव्हापासून जनका रोज माहं पीठ खात होती, जबान देल्ली म्हणून राखेशिवाय, आणि मी तिचं औषध. पंधरा दिवसांत माही सूज उतरली. आज मी हे पत्र लिहून राह्यली ते त्याच बोटांनी. तिच्या गळ्यावर पुरळ आलं तवा मी रोज ठरवे, उद्या दोरे पुन्हा बदलीन. रोज सकाळी भाकर थापता येई, आणि मी उद्यावर टाके. महिना टाकला. तुहे भाऊजी त्याच दिवशी मले बोलवायले शेडाच्या दारात आले होते, त्यायनं गाठी बांधताना पाह्यलं. म्हणून अंगणात माह्याकडं पाह्यलं. म्हणून पुडी थुंकली. एक शब्द बोलले असते तर तो बोळा माह्या तोंडाले लागला असता. ते बोलले नाही, मीही बोलली नाही. तर निवृत्ती, तुहं औषध खरं आहे. पिठावर कोणी बरं झालं नाही आणि औषधावर कोणी आंधळं झालं नाही. खोटी फक्त तुही बहीण निघाली. हे पत्र जसंच्या तसं साहेबासमोर टाक, माहं नाव झाकू नको, अंगठा नाही, सही आहे माही. त्यायले म्हण, दोन नावं उलटी करून पुन्हा मोजा, आणि मोरीत ओतायच्या आधी जनकासाठी तीन महिन्यांच्या पुड्या बाजूले काढा. तिची छाती वाजते, दुसरा डोळा राह्यला आहे. तू मात्र येऊ नको. महादेवरावानं शेठपाशून तुहा पत्ता काढला. शनिवारी, १६ तारखेच्या सकाळच्या गाडीनं तो नागपूरले निघणार, कुऱ्हाडीले पाणी देऊन आणलं त्यानं, मी लोहाराकडं पाह्यलं. तो गाडीत बसायच्या आधी, शुक्रवारी दिवस मावळताना, मी त्याच्या दारात जाऊन जनकादेखत सगळं सांगणार. ते ठरलं, त्याच्यासाठी तुले विचारत नाही. पण त्या घरात शिरल्यावर मी तुही तार वाचायच्या लायकीची राहीन का नाही हे माहीत नाही, आणि जनका एकच विचारेल, औषध येते का नाही. तिले काय सांगू? शुक्रवार, ता. १५ च्या दुपारपर्यंत तुही तार पोचली पाहिजे. येते का नाही, तेवढंच लिही. मले शिव्या द्यायच्या असतील तर त्या नंतर पत्रात दे.

तुहीच, अजून म्हणवून घ्यायची सोय असेल तर,
बाई
कोकिळा